लांब दांड्याचं ओगराळं

मराठवाड्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या पुण्यातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "वेरूळ पाहिलंत का?" नाही पाहिलं. अजिंठाही नाही. मी गेले होते एका ओगराळ्याची गोष्ट लिहायला. आठ दिवस राहिले, शंभर माणसांना विचारलं, आणि ती गोष्ट मला कळली की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. डोक्याचं नुसतं भरीत झालं आहे. ते जरा निवावं म्हणून लिहायला बसले आहे.

झालं असं, की मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या बहिणीच्या यजमानांचे एक स्नेही जालन्याला असतात, हस्तीमलजी म्हणून. सरकीचे व्यापारी. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी यांच्या वडिलांनी आणि लिंबवाडी नावाच्या गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून रस्त्याकडेला एक पाणपोई घातली होती. त्या पाणपोईचं पुढं सेवा मंडळ झालं. बी-बियाणं, औषधाची पेटी, पोरांच्या पाट्या-पुस्तकं असं करत करत मंडळानं आता गावासाठी विहीर खणली होती. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं उद्घाटन. त्यासाठी एक छोटी पुस्तिका हवी होती, मंडळ कसं जन्मलं ते सांगणारी. आणि मंडळाचं चिन्ह नीट काढून हवं होतं, कारण त्या चित्रावरून पाथरवट ते विहिरीच्या दगडावर कोरणार होता.

चिन्ह म्हणजे ओगराळं. पंक्तीत आमटी वाढतात ना, ते लांब दांड्याचं, पुढं खोलगट वाटी असलेलं. पाणपोईवर त्यानंच पाणी देत असत. म्हटलं, ओगराळं काढायला काय मोठीशी अक्कल लागते? दोन रेघा आणि एक वाटी. निघाले.

जालना

मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळाच्या गाडीत बसलं की डब्यातली बोली बदलते. "सरकून बसा" ऐवजी "जरा जगा करा की वो, बाई" असं ऐकू येतं आणि माणूस खरोखरच सरकून बसतो.

जालन्याला पोचायला दिवेलागणीची वेळ झाली. हस्तीमलजींच्या घरी सूर्य मावळल्यावर कुणी अन्न घेत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र पाहुणी म्हणून पाट मांडला. कढी, गट्ट्याची भाजी, तुपात बुडालेल्या बाट्या. मी एकटी जेवते आहे आणि घरातली अकरा माणसं कौतुकानं बघत बसली आहेत! घास गिळता गिळेना. आमच्याकडं पाहुण्याला एकटं जेवू घालणं म्हणजे अपमान. इथं तोच मान. माझ्या गोंधळाला सुरुवात झाली ती तिथूनच.

हस्तीमलजींचं घराणं मारवाडातलं, पण चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. घरात मारवाडी, दुकानात मराठी, जुन्या कागदांत उर्दू. माणूस मोठा दिलदार. सकाळी मी वही काढून विचारलं, "शेटजी, हे ओगराळंच का घेतलंत चिन्हाला? घागर का नाही?"

ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "देखो बाई, असली गोष्ट त्या दांड्यात आहे. दांडा लंबा काहून? देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या नजरेत आला न्हाई पाहिजे. गुप्तदान! माझे पिताजी म्हणायचे, हात जितका दूर, पुण्य तितकं जवळ."

वा! मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मनात म्हटलं, झाली पुस्तिका. आता नुसतं जायचं, चित्र काढायचं आणि परत यायचं. देव हसत असेल तेव्हा.

घनसावंगीची वाट

जालन्याहून अंबड, अंबडहून घनसावंगी. बसच्या टपावर माझी ट्रंक चढवली, तिच्यात रंग, ब्रश, कागद. घनसावंगीला उतरले तर कंडक्टरनं माझ्या हाती एक पोतं दिलं. मी म्हटलं, "हे माझं नाही." तो म्हणाला, "बाई, टपावर हेच राह्यलंय." पोत्यात वाळक्या मिरच्या होत्या. माझी ट्रंक कुणीतरी अंबडला घेऊन उतरलं होतं, आणि तो बिचारा तिकडं माझ्या रंगांच्या बाटल्या पाहून काय समजला असेल कोण जाणे.

तिथून बैलगाडी. कुंभार पिंपळगावाच्या अलीकडं एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आणखी दीड तास. काळी रानं उघडी पडलेली, भेगा अशा की आख्खा हात आत जाईल. गाडीवान मला सारखा सांगत होता, "पावसाळ्यात याच रस्त्यानं चालून दाखवा बाई, चप्पल एक शेतात न् पाय दुसऱ्या शेतात." मी मिरच्यांच्या पोत्यावर बसून शिंकत होते.

ट्रंक दोन दिवसांनी पिंपळगावच्या बाजारातून फिरत फिरत माझ्याकडं आली. एकही बाटली फुटली नव्हती. मिरचीवाल्यानं वर निरोप पाठवला होता, "बाईंना सांगा, माझी मिरची तिखट होती का ते कळवा." पुण्यात सामान हरवलं की माणूस हरवलेलं सामान विसरून जातो, इकडं सामान स्वतः माणूस शोधत येतं.

लिंबवाडी

मंडळाचे अध्यक्ष बापूराव. पन्नाशीचे, दणकट, गावात मोठी शेती. मंडळाबद्दल बोलायला लागले की डोळ्यांत पाणी यायचं, इतका जीव. त्यांच्याच घरी माझा मुक्काम. त्यांच्या आई, सगळं गाव त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही काकूच म्हटलं. सत्तरीच्या पुढच्या, वाकलेल्या, जिभेला धार.

जेवणाचं सांगायलाच हवं. आमच्याकडं "अजून एक घ्या ना" म्हणतात ते तुम्ही उठायला लागल्यावर. इथं बसल्याबरोबर ताटात तीन भाकरी, आणि भाकरी म्हणजे माझ्या वहीची दोन पानं उघडली तर जेवढी होतील तेवढी. त्यावर येसराची आमटी. भाजलेल्या डाळी-धान्याचं ते मसालेदार पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झाली. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. तिसऱ्या दिवशी मी ती मागून घेत होते.

पाणपोईवरचं ते खरं ओगराळं काकूंच्या देवघरात खुंटीला टांगलेलं होतं. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. गावात सगळे त्याला वगराळं म्हणत. मी बापूरावांना विचारलं, "दांडा एवढा लांब का हो?" म्हटलं, गुप्तदानाचं शेटजींचं वाक्य पक्कं करून घ्यावं.

बापूराव म्हणाले, "लांब दांडा म्हंजे लांबवर पोचणारं मंडळ! ज्याच्यापर्यंत कुणी जात न्हाई, त्याच्यापर्यंत आमी जाणार. आमच्या मंडळात भेदभाव बिलकुल न्हाई बरं का बाई. लिहा तसं."

लिहिलं. पण गुप्तदानाचं काय? हात लपवायचा की लांब पोचवायचा? तेवढ्यात चुलीपुढून काकू खेकसल्या, "कशाचं गुप्त न् कशाचं लांब! रांजण खोल व्हता, माझी कंबर दुखरी. वाकवत नव्हतं म्हून दांडा लांब करून घेतला तांबटाकडून. लोकान्ला काय, बसल्या जागी पुराणं सुचत्यात."

हे मला पटलं. चित्रकलेच्या माणसाला असली साधी कारणं आवडतात. पण दुसऱ्या दिवशी मी ते ओगराळं मापात काढायला बसले आणि फसले. काकूंनी तो रांजणही जपून ठेवला होता, अंगणात तुळशीशेजारी. रांजण माझ्या मांडीपर्यंत येत होता. दांडा त्याच्या दुपटीहून लांब. एवढ्याशा रांजणाला एवढा दांडा कशाला? आत घालून पाहिला तर निम्म्याहून जास्त दांडा वर उरला. कंबर दुखणाऱ्या बाईला हे धूड उलट जडच जाणार की! मी काकूंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमी चित्र काढा."

आता तीन कारणं वहीत, आणि तिन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली.

त्याच दिवशी विहिरीवर सगळ्यांचं जेवण होतं. खणणाऱ्यांना मंडळाकडून गोडधोड. विहीर मात्र देखणी बांधली होती. घडीव दगड, वर रहाट, आणि दर्शनी भागात एक मोठा शुभ्र दगड, चिन्हासाठी कोरा ठेवलेला. पाथरवट छिन्नी घेऊन माझ्या चित्राची वाट पाहत होता. पंगत मांडली, चाळीस पानं वाढली, बसले वीस. उरलेली वीस पानं तशीच. लापशीवर माशा बसायला लागल्या.

"कोण यायचं राहिलंय?" मी विचारलं.

बापूराव कानशील खाजवत म्हणाले, "ओढ्यापल्याडच्या वस्तीतली माणसं. अहो, निम्मी विहीर त्यांनीच खणली. चार महिने रोज आल्ते. पंधरा दिवस झाले, रुसून बसलेत. काहून, ते सांगून न्हाई राह्यले. मी दोनदा गेल्तो. 'काय न्हाई बापूराव, काम हाये घरी' म्हणतात." मग जरा आवाज उतरवून, "बाई, तुमी बाहेरच्या. त्यात बाईमाणूस. तुमाला सांगतील. आखितीला ते न्हाई आले तर या विहिरीला काय अर्थ हाय? माझ्या बानं त्यांच्यासंगं उन्हात उभं राहून हे मंडळ काढलं होतं."

माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणून तर जास्त घोटाळा.

ओढ्यापलीकडे

वस्तीत मला सखूबाई भेटल्या. चाळीस-पंचेचाळीसच्या, काटक, कपाळाला कुंकू नाही. वर्षापूर्वी सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता, तेव्हापासून नाही. त्यांचे मालक विहीर खणणाऱ्यांत पहिले. मी आपली पुणेरी पद्धतीनं प्रस्तावना करत होते, मंडळ, पुस्तिका, चिन्ह. त्यांनी मध्येच तोडलं.

"ते वगराळं काढायला आलाव ना तुमी?"

"हो. पण त्याचा दांडा एवढा लांब का, तेच मला कळत नाही. तिघांनी तीन कारणं सांगितली."

सखूबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी थट्टा करते आहे की काय, असं वाटलं असावं. मग म्हणाल्या, "बसा खाली."

"कुठं?"

"हितं, जमिनीवर. ओंजळ करा. आता तोंड वर."

मी बसले. सांगितलेलं करायची मला शाळेतली सवय आहे. त्या दारातल्या उंच दगडावर चढल्या, कुडाला लावलेली एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, उपसली आणि ओगराळ्याएवढी मोडून घेतली. माझ्या ओंजळीच्या वर तिचं टोक धरलं.

"एवढाच दांडा, बराबर? आता तुमचा हात वर करा. माझ्या हाताला लागतो का बगा."

मी हात उंच केला. तळव्यात आणि त्यांच्या मुठीत चांगलं हातभर अंतर राहिलं.

"न्हाई ना लागत? मंग. त्यासाठीच."

मी तशीच मातीत बसून राहिले. बाई गं! इतके दिवस मी तो दांडा मोजत होते, रांजणात घालून पाहत होते, आणि दुसऱ्या टोकाला कोण बसलं होतं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. शेटजींच्या नाही, बापूरावांच्या नाही, माझ्याही नाही. आम्ही सगळे दांड्याच्या एकाच बाजूचे.

लाज वाटली, ती सांगूनच टाकते. लहानपणी आमच्या मागच्या दारी एक बाई ताक न्यायला यायची. आई ओट्यावरून ताक ओतायची, खाली तिचं मडकं. ती पांढरी धार वरून पडताना बघायला मला फार आवडायचं. धार एवढ्या उंचावरून का, हे मी पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं.

"काकूंनी असं केलं?" मी विचारलं.

"काकूनं पाणी पाजलं, बाई." सखूबाई दगडावरून उतरून माझ्यासमोर बसल्या. "ते बी खरं हाय. निजाम गेला त्या साली, त्या धामधुमीत आमी घरदार सोडून शहागडाकडं पळालेलो, परत येताना वाटंला पाण्याचा थेंब न्हवता. माझी धाकली लेक कडेवर मान टाकून व्हती. काकूनं धार धरली म्हून ती जगली. मी काकूला कधी वाईट बोलणार न्हाई. पर त्या वगराळ्याचं चित्र दगडावर कोरून जलमभर आमच्या म्होरं ठेवायचं? आन् ते कमी म्हून बापूराव म्हणत्यात, शेंदायला एक माणूस ठेवू, तो समद्यान्ला पाणी वाढील. विहीर खणाया आमचे हात चालले. पाणी शेंदाया न्हाई चालत?"

"मग तुम्हाला काय हवं?"

"माझा पोहरा, माझा दोर. माझ्या हातानं शेंदीन. दुसरं काय बी नगं."

मला काहीतरी ताबडतोब करावंसं वाटलं. अशा वेळी मी चित्र काढते. कोळसा घेऊन मी त्यांच्या ओट्यावर झरझर दोन जुळलेले तळवे काढले. "हे घ्या, ओगराळं काढून टाकू. ओंजळ कोरू!" मला वाटलं, काय सुचलंय मला.

सखूबाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. "ओंजळ तर आमचीच की वो बाई. मागणारं कोण व्हतं?"

पदराच्या टोकानं मी ते पुसून टाकलं. उठताना मी म्हटलं, "सखूबाई, मी असलं शिवाशीव काही मानत नाही हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

काकूंची चूल

परत येऊन मी बापूरावांना सगळं सांगितलं. तुराटीसकट. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच दया आली.

"आमी... तसं मनात बी आणलं न्हवतं, बाई. वगराळं म्हंजे आमाला देवासारखं. दहा वर्षं दसऱ्याला पूजा करून राह्यलो."

मग ते काकूंकडं वळले. काकू भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "बराबर सांगितलं सखूनं."

"आई! मंग कंबर दुखत होती म्हणालीस ते?"

"दुखत बी व्हती." काकूंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच मान वर केली. "मंग काय करणार व्हते मी? हात लागला की परत आंघोळ. तुझी आजी जिती व्हती तवा, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं मला. आन् आंघोळीला पाणी कुठून आणू? जे व्हतं ते पाजायला व्हतं. दांडा लांब केला म्हून दिसभर पाजता आलं. न्हाईतर दोघांना पाजून घरी बसले असते."

ज्या दांड्यानं माणसं लांब ठेवली त्याच दांड्यानं त्यांना पाणी पोचलं. बापूराव म्हणाले होते "लांबवर पोचणारं", ते एका परीनं खरंच होतं! मी काकूंवर रागवायचं ठरवून आले होते. राग काही केल्या येईना. सखूबाईंची बाजू सोडवेना. वही उघडली आणि पुस्तिकेसाठी लिहिलेली पाच पानं फाडून चुलीत घातली. काकूंनी ती तव्याखाली नीट सरकवून दिली.

"वगराळं न्हाई कोरायचं," बापूराव म्हणाले. एवढं लगेच ठरलं. पाथरवटाला तसं सांगितलं, दगड कोराच राहिला. पण शेंदण्याचं?

"तेवढं अवघड हाय, बाई. वस्तीच्या बायांनी पोहरा टाकला तर वरच्या आळीतली घरं या विहिरीवर येणार न्हाईत. आत्ता निम्मं गाव रुसलंय, मंग दुसरं निम्मं रुसंल. दहा वर्षांचं मंडळ एका पोहऱ्यानं मोडंल. माणूस ठेवला तर कुणालाच बोलायला जागा न्हाई."

"अहो, कायदा झालाय की आता!"

"कायदा मुंबईहून येतो बाई. पाण्याला शेजारीण येती."

हे म्हणणं चूक आहे हे मला कळत होतं. दोन दिवस बापूराव घरात येरझाऱ्या घालत राहिले. जेवण गेलं. आखितीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "काय ठरलं?" ते म्हणाले, "काय न्हाई ठरलं."

आखिती

सकाळपासून विहिरीवर मांडव. जालन्याहून हस्तीमलजी पेढ्यांचे डबे घेऊन आले. त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्यांनी भाषणात गुप्तदान सांगितलंच, हात जितका दूर, पुण्य तितकं जवळ. बापूराव जमिनीकडं बघत होते. समोर गाव बसलं होतं आणि ओढ्याकडची बाजू रिकामी होती.

नारळ फुटला. शेंदायला ठेवलेला माणूस रहाटाकडं निघाला, नवा फेटा बांधून. आणि तेवढ्यात ओढ्यातून सखूबाई वर आल्या. मागं चार बाया, त्यांच्या मागं वस्तीतले पुरुष, ते मात्र मांडवाच्या बाहेरच थांबले. सखूबाईंच्या हातात पोहरा आणि कोरा दोर. त्या सरळ विहिरीच्या पायऱ्यांपाशी आल्या. पायरीवर बापूराव उभे होते.

वरच्या आळीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बापूरावांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. ते बाजूला होईनात आणि आडवेही येईनात. सखूबाईसुद्धा ढकलून पुढं जाईनात. नुसत्या उभ्या. दोर तेवढा मुठीत घट्ट धरलेला.

मागून काकूंचा आवाज आला. "बापू, वाट सोड. पोरीला शेंदू दे."

बापूराव बाजूला झाले. नुसते बाजूला नाही, फेटेवाल्याच्या दंडाला धरून त्यालाही त्यांनी खाली आणलं. सखूबाई वर चढल्या, दोर रहाटावर टाकला आणि पोहरा सोडला. आत खोल धप्प आवाज झाला. वरच्या आळीतली काही मंडळी उठून निघून गेली. मी मोजली नाहीत. काही बसून राहिली. हस्तीमलजी मला हळूच विचारत होते, "बाई, ये क्या हो रहा है?" मी काय सांगणार, कपाळ!

पोहरा वर आला. सखूबाईंनी कमरेचा पितळी तांब्या काढला, बुडवून भरला आणि पायऱ्या उतरल्या. मला वाटलं, काकूंना देणार. बापूरावांना देणार. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि तांब्या पुढं केला. सगळं गाव बघत होतं.

माझा हात उठला नाही.

किती वेळ? असेल एक श्वास. फार तर दोन. उन्हानं घसा कोरडा पडला होता, मन म्हणत होतं घे, घे गं, आणि हात मांडीवरच. मी घाबरले होते का, की सगळ्यांचे डोळे माझ्यावर म्हणून गोंधळले होते, की पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या ओट्यावरून आईनं मनगट धरलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मग मी तांब्या घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. मी सगळं पाणी एका दमात प्याले, पदरावर सांडलं, ठसका लागला.

"सावकाश," सखूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तांब्या परत घेतला आणि दुसरा पोहरा सोडायला वर गेल्या.

पाणी गोड होतं. मी थांबले होते, ते त्यांनी पाहिलं होतं.